यादीतले पहिले कारण

३ जून, सोमवार. सकाळी ९.१०

मुर्रागल गावच्या कौन्सिलच्या इतिहासात आजच्या दिवसाची नोंद राहील. कार्यालयातल्या तिन्ही कॉपियरच्या पोटात माझे ऍप बसले. नाव ठेवले 'पुनर्विचार'. यापुढे टेबलावरून बटण दाबले की कागद बाहेर, हा उधळेपणा बंद. माणसाने यंत्रापर्यंत चालत यावे, गळ्यातले कार्ड टेकवावे, मग पडदा त्याला विचारील: 'हे छापणे खरोखर आवश्यक आहे का?' तरीही 'हो' म्हणणाऱ्या निगरगट्टापुढे चौदा कारणांची यादी उघडेल. दिवसाला दहाच पाने. प्रत्येक पानाच्या तळाशी कार्डधारकाचे नाव व कारण, बारीक अक्षरांत.

यादीत 'दफनभूमी' पहिली ठेवली. मृतांविषयी आदर, दुसरे काही नाही.

दफनाची नोंदवही कागदावरच ठेवावी असा नियम असल्यामुळे अभिलेख विभागातल्या नोएलीन हार्टिगनबाईंच्या कार्डाला मर्यादा लावलेली नाही. बाई एकतीस वर्षे येथे आहेत. एका अपवादाने काय बिघडणार?

माझी परिवीक्षा ३१ जुलैला संपते. २३ जुलैच्या सभेत माझा अहवाल आणि मला कायम करण्याचा ठराव. म्हणजे कायम झाल्यातच जमा आहे.

संकल्प: तोवर स्वतः एकही कागद छापणार नाही. (ही वही कागदाचीच आहे, परंतु ती छापलेली नाही.)

५ जून, बुधवार. सकाळच्या चहानंतर

थोडा विरोध. अपेक्षित होता. रस्ते विभागाच्या वेनने विचारले की मोरीचा नकाशा बावीस पानांचा आहे, तो तीन दिवस छापत बसू काय. मी शांतपणे सांगितले, मोरीची खरोखर गरज आहे का, याचाच पुनर्विचार करावा. सगळे हसले. ऍपविषयी आपुलकी वाढत आहे.

नोएलीनबाईंनी लॅमिंग्टन केक आणले होते. एकच खाण्याचा संकल्प होता. तीन खाल्ले.

७ जून, शुक्रवार

विरोध पूर्णपणे मावळला. एकही तक्रार नाही. तीन दिवसांत माणसे बदलतात, फक्त त्यांना योग्य प्रश्न विचारणारा कोणी हवा.

नोएलीनबाई मात्र विसराळू होत चालल्या आहेत. त्यांचे कार्ड मोठ्या कॉपियरला हिरव्या लोकरीने टांगलेले सापडले. नेऊन दिले. त्या म्हणाल्या, "किती रे काळजी करतोस, बाळा."

१४ जून, शुक्रवार

कार्ड पुन्हा तेथेच. आज तिसऱ्यांदा नेऊन दिले. वयाचा परिणाम.

भिंतीवर फुटबॉलच्या अंदाजांचा तक्ता लागला आहे. तळाशी बारीक अक्षरांत 'कारण: दफनभूमी'. आपला संघ सलग सहा सामने हरला आहे, त्यामुळे कर्मचाऱ्यांची ही भावना मी समजू शकतो.

१ जुलै, सोमवार. दुपारी ४

जूनचे आकडे आले. अडतीस कर्मचाऱ्यांपैकी सदतीस जणांनी एकही पान छापलेले नाही. शून्य! वाचताना डोळे पाणावले.

एकच गोष्ट अस्वस्थ करते. 'दफनभूमी' या कारणाखाली सहा हजार दोनशे आठ पाने. एका दफनाला सर्व परवाने धरून सोळा पाने लागतात. भागाकार केला: तीनशे अठ्ठ्याऐंशी दफने. गावाची लोकसंख्या एकोणीसशे.

भागाकार पुन्हा केला. बरोबर आहे.

२ जुलै, मंगळवार

रात्रभर विचार केला. हमरस्त्यावर हल्ली वर्दळ कमी वाटत होतीच. बेकरीतही रांग नव्हती. इतकी माणसे जातात आणि कौन्सिलमध्ये कोणी चकार शब्द काढत नाही. बहुधा गावाला धक्का बसला असावा. आकड्यांकडे पाहणारा येथे मी एकटाच.

नोएलीनबाईंना हळुवारपणे विचारले की सध्या कामाचा भार फार आहे का. त्या म्हणाल्या, "फार आहे रे. सगळ्यांचंच मला करावं लागतं." सगळ्यांचंच! अंगावर काटा आला.

१२ जुलै, शुक्रवार

अहवालाला नवे प्रकरण जोडले. दफनभूमी चालू वेगाने ऑक्टोबरपर्यंत भरेल. तिला लागून असलेले फुटबॉलचे मैदान विस्तारासाठी घ्यावे, अशी शिफारस केली आहे. संघाची कामगिरी पाहता फारसा विरोध होऊ नये.

१९ जुलै, शुक्रवार. सायं. ४.४०

किरकोळ अडचण. सभेचे नऊ सदस्य अहवाल कागदावरच मागतात. त्रेचाळीस पाने, नऊ प्रती. माझी मर्यादा दहा. मर्यादा बदलण्यासाठी मुख्याधिकारी ओडगर्सबाईंची सही लागते आणि त्या साडेतीनलाच घरी गेल्या. नोएलीनबाईंचे कार्ड नेहमीप्रमाणे लोकरीवर लटकत होते. सार्वजनिक हितासाठी ते टेकवले. घाईत पहिले कारण दाबले.

संकल्प मोडलेला नाही. छापले ते नोएलीनबाईंच्या कार्डाने.

२३ जुलै, मंगळवार. रात्री ९

सभा झाली. सविस्तर लिहिण्याची इच्छा नाही. तरीही, सत्यनिष्ठेसाठी:

मैदानाचा मुद्दा येईपर्यंत शांतता होती. मग सदस्य क्लॅरी बोम उठले. गावातले सगळे अंत्यविधी तेच करतात, आणि मैदानावरची छपरी त्यांच्या वडिलांनी बांधलेली आहे, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. चष्मा पुसत ते म्हणाले, "डेस, जूनमध्ये मी दोघांना पुरलं. बाकीचे तीनशे शहाऐंशी तू कुठं ठेवलेस, तेवढं सांग. त्यांच्या घरच्यांना बिलं पाठवायची राहिलीत माझी."

मी यंत्रातल्या नोंदींचा दाखला दिला. त्यांनी माझा अहवाल उचलून तळाची ओळ वाचली. "याच्याही खाली दफनभूमीच लिहिलंय. हा कधी गेला रे?"

त्यावर वेनने उभे राहून सगळे सांगितले. जूनपासून अख्खे कार्यालय त्या लोकरीच्या कार्डावर छापते. चौदा कारणे वाचायला सवड कोणाला, म्हणून जो तो पहिलेच दाबतो. ओडगर्सबाईंनी विचारले की असे असेल तर या ऍपने नेमके वाचवले काय. मला कायम करण्याचा ठराव 'वेळेअभावी' राहिला.

एकंदरीत अहवालावर सखोल चर्चा झाली.

२४ जुलै, बुधवार

चहाला माझ्या शेजारी फक्त नोएलीनबाई बसल्या. त्या म्हणाल्या, "तू तीनदा कार्ड आणून दिलंस, तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू इतक्या प्रेमाने आणायचास!" यावरून माझ्या कामाविषयी त्यांना आदर आहे हे दिसते.

३१ जुलै, बुधवार. दुपारी ३

परिवीक्षेचा शेवटचा दिवस. कॉपियरला कार्ड टेकवले. माझ्या नावाने एक पान थांबले होते: प्रेषक, मुख्याधिकारी. कायम केल्याचे पत्र, दुसरे काय असणार? पडद्याने विचारले: 'हे छापणे खरोखर आवश्यक आहे का?' प्रश्न किती नेमका आहे! अभिनंदनासाठी कागद कशाला? 'नाही' दाबले. मजकूर नष्ट झाला. 'धन्यवाद. आपण एक कागद वाचवला.'

या यंत्राने आजवर वाचवलेला हा पहिला कागद असावा. तोही माझ्याच हातून.

१ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ८.५५

दारावर कार्ड चालेना. नोएलीनबाईंनी आतून उघडले, बाकावर बसवले, हातात लॅमिंग्टन दिला. मग एक कागद.

"तू काल 'नाही' दाबलंस ना, ते ओडगर्सला कळलं. ती म्हणाली, पत्र हातात पडायलाच हवं. म्हणून मी छापून ठेवलं, बाळा."

पत्र चार ओळींचे. परिवीक्षा संपली, पुढे नेमणूक नाही, तिन्ही यंत्रांतून 'पुनर्विचार' आज दुपारी काढण्यात येईल, सामान न्यायच्या खोक्यासाठी अभिलेख विभागात विचारावे.

मी तळाची ओळ वाचली. इतक्या बारीक अक्षरांतही छपाई अगदी स्वच्छ उमटली होती.

'नोएलीन हार्टिगन. कारण: दफनभूमी.'