आज आमची चूक

४ फेब्रुवारी, बुधवार

अकरा वाट्या परत आल्या. अकरा! एका दुपारी एवढं सूप परत आल्याचं सव्वीस वर्षांत मला आठवत नाही. पहिल्याने वाटी सरकवली तेव्हा वाटलं, असतात काही खोडसाळ. मग दुसरी आली, तिसरी आली. एक बाई तर काउंटरवर येऊन म्हणाली, "नुसतं खारट आहे हो!"

सकाळचं लिहायलाच हवं. नेहमीसारखी चाखायला आमच्या खानावळीच्या मोठ्या शाखेच्या स्वयंपाकघरात गेले. आमच्या जुन्या आचाऱ्यांनी चमचा पुढे केला. मी चाखलं, डोळे मिटले, जरा थांबले — हे सगळं आता अंगवळणी पडलंय — आणि म्हणाले, "मीठ किंचित कमी वाटतंय." उचलली जीभ, लावली टाळ्याला. रोज नुसतं "छान" म्हटलं तर कुणाला तरी संशय यायचा, म्हणून आठवड्यातून एकदा काहीतरी खोट काढायची. आचारी क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग पातेल्यात दोन मुठी टाकल्या.

मला दोन वर्षं चव लागत नाही. तो ताप आला आणि जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. गरम-गार कळतं, बस्स. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. आली नाही. हे आजवर मी इथेही लिहिलं नव्हतं. वहीची कसली लाज बाळगायची — पण वाटत होती खरी.

५ फेब्रुवारी

आमच्या सगळ्या शाखांत दाराशी एक काळा फळा असतो. वर रंगाने रंगवलेलं — 'आज आमची चूक'. खाली खडूने त्या दिवशीची चूक लिहायची, आणि ज्याची चूक त्याचीच सही. दुसऱ्याच्या नावाने लिहायचं नाही, हा नियम माझाच. पहिल्या दुकानात माझा भात करपला तेव्हा मी हे सुरू केलं. लोकांना आवडलं. आता तर लोक जेवायच्या आधी त्या फळ्याशी उभे राहून फोटो काढतात.

आज फळ्यावर आचाऱ्यांचं ते गोल गोल अक्षर. "कालचं सूप खारट झालं. हात जड पडला." खाली सही.

दोनदा वाचलं. खडू तिथेच पडलेला होता. मी आत जाऊन चहा मागवला. चहा म्हणजे माझ्यासाठी गरम पाणी, तरी सगळा प्यायले.

७ फेब्रुवारी

सात पातेली. सात वेळा "छान".

८ फेब्रुवारी, रविवार

साप्ताहिकाची बाई मुलाखतीला आली होती. चुणचुणीत आहे. तिचं म्हणणं, लोक आमच्याकडे जेवायला येतात ते माझ्या जिभेवर आणि त्या फळ्यावर भरवसा ठेवून. "ताई, तुमचं एक मूल्य सांगा, एकच." मी पटकन म्हणाले, "खरेपणा." तिने लिहून घेतलं. खाली दोन रेघाही ओढल्या.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. तिने सहज विचारलं, "इतक्या वर्षांत जीभ कधी चुकली?" "माणूस आहे, चुकणारच," असं गोलमाल काहीतरी बोलले. तिला तेही आवडलं!

११ फेब्रुवारी

धाकट्याला सांगितलं. सगळा कारभार आता तोच बघतो, म्हटलं भाऊ आहे, त्याला तरी कळू दे. तो खुर्चीवरून उठला, दार लावून आला, पुन्हा बसला.

"दोन वर्षं? आणि मला आज सांगतेस?"

"फळ्यावर लिहावं म्हणते."

"ताई, तुझ्या जिभेवर सत्तावीस दुकानं उभी आहेत. वेडेपणा करू नकोस."

"आचाऱ्यांनी माझ्या चुकीखाली सही केलीय."

"केली ना? मग झालं तर. माणूस खाल्ल्या मिठाला जागला म्हणायचं."

त्याला स्वतःलाच मग जरा चमत्कारिक वाटलं असावं, कारण तो हसला नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. नको म्हणणारं कुणीतरी हवंच होतं मला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आचारी माझ्या खोलीत आले. बसा म्हटलं तरी उभेच. पहिल्या दुकानात आम्ही दोघंच होतो — ते रांधायचे, मी वाढायची आणि मीच भांडी घासायची. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्यासमोर कधी अवघडून उभा राहिला नव्हता.

"ताई, ते सूप मला बरोबर लागलं होतं. तुम्ही कमी म्हणालात. म्हटलं, ताई म्हणतात म्हणजे कमीच असणार, आपली जीभ गेली. टाकलं, तर खारट. म्हणजे हातही गेला. आता कशालाही हात लावायची भीती वाटते. काल साध्या डाळीसाठी चौघांना विचारलं."

मग म्हणाले, "जीभ गेलेला आचारी काय कामाचा?"

हे ते मला विचारत होते! मला! तोंड उघडलं होतं मी. पण बाहेर काय पडलं? "थोडे दिवस विश्रांती घ्या."

त्यांनी मान डोलावली. सुऱ्यांची गुंडाळी काखेत मारून गेले. मी खिडकीतून बघत बसले. त्यांना वाईट वाटत होतं ते आपलं काम बिघडलं याचं, आणि मला माझं पितळ उघडं पडेल याचं. एवढाच फरक आमच्यात, आणि फोटो मात्र माझा सगळ्या भिंतींवर.

१६ फेब्रुवारी

नवा आचारी चमचा पुढे करतो. मी चाखत नाही. "तूच सांग," म्हणते. त्याला वाटतं परीक्षा घेतेय. घाबरतो बिचारा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लिहिलं.

शाखा उघडायच्या आधीच गेले. जुनं सगळं पुसलं आणि ठळक लिहिलं — "४ तारखेचं सूप आचाऱ्यांनी नाही, मी बिघडवलं. मला दोन वर्षं चव लागत नाही. तरी चाखल्याचं सोंग करत होते." खाली सही. अक्षर बरं आलं.

भाऊ आला, वाचलं, कपाळाला हात लावला. म्हटलं, पुसायचं नाही. मग जेवायला बसले. चव नाहीच, पण दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

१९ फेब्रुवारी

दारात रांग! फळ्याचा फोटो सगळीकडे फिरतोय. साप्ताहिकाच्या बाईचा फोन — मुखपृष्ठ बदलतायत. 'चव गेली, खरेपणा राहिला.' एक आजोबा येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. भाऊ म्हणतो, "ताई, तुझं तेच बरोबर होतं." तोच फळा माझ्या फोटोसह सगळ्या शाखांत लावायचा त्याचा विचार आहे.

मी नको म्हटलं. पण जोर देऊन म्हटलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आचाऱ्यांना परत बोलवायला त्यांच्या घरी गेले. बायकोने दार अर्धंच उघडलं.

"फळा वाचला आम्ही. शेजाऱ्यांनी दाखवला. तोवर सहा दिवस हे रोज सकाळी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून बसत होते, लागतंय का बघत. तुमच्या घरून त्या फळ्याकडे जाताना वाटेत आमचं घर लागतं, ताई."