मळ्यात कळलेली बातमी

प्रिय सौ. हिस,

मी इथे मुलाकडे मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

शनिवारी मुलगा, सून, नात आणि मी एका छोट्या वायनरीच्या मळ्यात हौसेखातर द्राक्षं खुडायला गेलो. नात माझ्याच टोपलीतली द्राक्षं फस्त करत होती. मग झाडाखाली सगळ्यांची पंगत बसली.

जेवताना मालकीणबाई मला म्हणाल्या, "मुलगा आता कायमचा इथेच राहणार, तुम्हाला बरं वाटलं असेल!"

मी मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "बाबा, आईला मी केव्हाच सांगितलंय."

त्याचं एक वेळ समजू शकतो. पण तू? तो घरी परत येणार म्हणून मी वरची खोली बांधायला काढली, तेव्हा भिंतींचा रंग तूच पसंत केलास.

गवंड्याला काम थांबवायला सांग. एवढं तरी तुला सांगता येईल.

तरीही तुझाच,
मी