मागून घेतलेली जागा

कुकटपल्ली, हैदराबाद
७ सप्टेंबर २०१४

भामाक्का, जय भीम.

लिहितो लिहितो म्हणत उन्हाळ्यापासून टाळलं. फोन केला असता, पण तू लगेच "थांब, बाबांनाही जोडते" म्हणतेस. म्हणून कागद. शुद्धलेखनाला हसू नकोस, माझी मराठी शाळा चौथीपर्यंतच. दाजी आणि पोरी बऱ्या असतील.

मी सी शिकतोय. कॉम्प्युटरची भाषा आहे, नाव एवढंच. क्लासात मशीन कमी, म्हणून प्रोग्राम आधी वहीत पेनानं लिहायचा, सरांनी तपासला की मग कीबोर्डला हात. अर्ध्या क्लासनं सगळे प्रोग्राम पाठच करून टाकलेत. मला पाठांतर जमत नाही, म्हणून समजून घ्यावं लागलं.

यात मशीनमधली जागा आपण मागून घ्यायची आणि काम झालं की आपणच सोडायची. मी नुसता मागत गेलो. वहीत सगळं ठीक दिसलं, चालवल्यावर मशीन मंद होत होत गपगार. सर म्हणाले, "मियाँ, लेते जारे, छोड़ते नै?" क्लास हसला, मीही. टायपिंग सोडलं, मोबाइल रिपेअरिंग सोडलं, आयटीआय सोडली, आणि इथं सोडायचंच विसरलो!

(हा तेलाचा डाग मिरची-भजीचा. गाडीवाला खाली आला होता.)

तेलंगणा वेगळं राज्य झाल्यापासून सरांचं मन इथं लागत नाही, ते मूळचे आंध्रातले. क्लास विजयवाड्याला नेतायत. मला म्हणाले, चल, नव्या पोरांना शिकवायला मदत कर, राहायची सोय आहे. मला बरोबर न्यावं असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. उद्या सकाळची गाडी आहे.

बाबांना सांगितलेलं नाही. आई गेल्यापासून अंबरपेठेत ते एकटेच. दर रविवारी मी जेवायला जातो, भाकऱ्या तेच थापतात. आज गेलो नाही. मी गेल्यावर तू सांगशील का त्यांना? तुझं ऐकतात.

थांब. खालून मालकीणबाई तेलुगूत ओरडतायत, "निवृत्ती! मी नान्नगारु वच्चारु!"

बाबा आलेत. गुडघ्यांमुळे हा जिना ते कधी चढले नव्हते. आता चढतायत, मध्ये मध्ये थांबून. कठड्याला डबा आपटल्याचा आवाज येतोय.

बॅग खाटेवर उघडी पडलीय. राहू दे तशीच. अक्का, तू काही सांगू नकोस. मीच सांगतो.

डबा हातातून घ्यायला निघालेला,
तुझा निवृत्ती