सोमवारच्या माणसाला लाल फीत

इस्पितळ, ७ जुलै

ती. बुआखाममावशीस ओरथाईचा सा. न.

काकांना डेंग्यूचा ताप आहे असं बसवाल्याकडून कळलं. इथं तर पाय ठेवायला जागा नाही. म्हणून दारातच आम्ही पेशंटच्या मनगटाला फीत बांधतो. लाल असेल त्याला लगेच आत, पिवळ्यानं थोडं थांबायचं, हिरव्यानं बाकावर धीर धरायचा. ताप उतरला म्हणून खूश होऊ नकोस, खरा धोका तेव्हाच असतो. हातपाय गार पडले तर तडक घेऊन ये. तुझ्या काढ्याची परीक्षा नंतर घेऊ.

काळजीत असलेली,
ओरथाई

इस्पितळाचा बाक, ८ जुलै

चि. ओरथाईस मावशीचे आशीर्वाद.

आम्ही आलोय. तू आत आहेस, म्हणून चिठ्ठी झाडूवाल्या बाईकडे देते. दारातल्या पोरीनं तुझ्या काकांना लाल फीत बांधली. सोमवारी जन्मलेल्याला पिवळा लाभतो आणि लाल त्याचा वैरी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शेजारी वान्पेन मास्तरीण पिवळी फीत घेऊन कुरकुरत होती. तिचा जन्म रविवारचा, तिला लालच हवा. मग आम्ही गुपचूप अदलाबदल केली. पण तुमचा कारभार बघ, तिला चाकाच्या खाटेवरून पळवत नेलं आणि आम्ही इथंच. काकांचा ताप सकाळीच उतरलाय. हात गार लागताहेत. सकाळपासून माझ्याशी एकदाही भांडले नाहीत, हे काही मला बरं वाटत नाही. जरा बाहेर येऊन जा.

तुझीच,
मावशी

इस्पितळ, ११ जुलै

ती. मावशीस सा. न.

काका आता धोक्याबाहेर आहेत. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. आज त्यांनी सलाईनला नावं ठेवली आणि चिकट भात मागितला. मास्तरीणबाईंना दोन सुया टोचून झाल्यावर घोळ लक्षात आला. तरी लाल रंगानं आपली कशी बडदास्त ठेवली, हे त्या सगळ्यांना सांगत सुटल्यात. आता आम्ही रंग बंद करून एक, दोन, तीन असे आकडे लावतो. सकाळीच एक आजोबा शुभ म्हणून नऊ मागत बसले. त्या दिवशी फितीवरून मी तुला चारचौघांत नको ते बोलले. मी फार घाबरले होते गं. राग धरू नकोस.

तुझी,
ओरथाई

घरून, १३ जुलै

चि. ओरथाईस आशीर्वाद.

बोललीस ते बरंच केलंस. डुकरांचं खाणंपिणं आटोपून उद्या येते. एक सांगते, काकांच्या कानावर घालू नकोस. फीत बांधताना ती पोरगी म्हणाली होती की लालवाल्याबरोबर घरच्यांनी आत यायचं नाही. लग्न झाल्यापासून मी त्यांना एकटं कुठं पाठवलेलं नाही. ते आत जातील आणि मला न भेटताच संपतील, अशी भीती वाटली. सोमवार मला त्यानंतर आठवला.

आजवर लावलास तसाच जीव लावत राहा.

तुझी मावशी