घुंगरांकडे लागलेला कान

गुरुजी, या वयात मी पुन्हा वर्गात बसू लागलो आहे. दाराजवळ, खुर्चीवर. माझा नातू यंदा पहिलीत गेला आणि आमच्या गावच्या शाळेत पहिली आणि तिसरी एकाच खोलीत भरते, म्हणून तिसरीतली त्याची बहीणही तिथेच असते. वर्गात गलका वाढला की नातू मारतो. शेजारच्याला, समोरच्याला, कधी स्वतःच्याच गालावर. दोनदा चावलासुद्धा. बाई भल्या आहेत, पण इतर पोरांचे आईबाप गप्प बसत नाहीत. "दिवाळीपर्यंत बघू, आबा," त्या म्हणाल्या. "तोवर फरक पडला नाही तर त्याला घरीच ठेवावं लागेल." मुलगा सुरतेला कामाला. सून कापूस वेचायला जाते, तिने एक दिवस सरळच सांगून टाकलं, "आबा, आते तुम्हीच बठा त्याना जोडे." मग बसलो. आयुष्यभर मनातल्या मनात वर्गातच बसलेला माणूस मी, मला काय अवघड!

तालुक्याहून एक ताई येतात, अशा मुलांना शिकवायचं शिकलेल्या. वयाने माझ्या सुनेपेक्षाही लहान. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आबा, तो मारतो त्याच्या आधी काय करतो?" मी म्हटलं, आधी काही नाही, एकदम मारतो. "एकदम कोणी मारत नाही," त्या म्हणाल्या, "बघा तुम्ही." मी बघत राहिलो. खरंच, आधी तो डावा कान खांद्यावर घासतो, मग तोंडातल्या तोंडात गुणगुणल्यासारखं करतो, आणि मग हात उचलतो. ताई म्हणाल्या, "मारल्यावर त्याला बाहेर नेलंत, तर मारलं की सुटका होते एवढंच तो शिकेल. कान घासला की न्यायचं, मारायच्या आधी." त्यांनी त्याच्या गळ्यात एक कार्ड अडकवलं, त्यावर झाडाचं चित्र. बाहेर जायचं असेल तर ते काढून हातात द्यायचं. ज्या दिवशी तो आपणहून देईल, त्या दिवशी हातातलं काहीही सोडून लगेच उठायचं, आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवायच्या. मी म्हटलं, ताई, हे तुम्ही कुठे शिकलात? त्यांनी कुठल्याशा कोर्सचं नाव सांगितलं. मी हसलो. तुम्ही तर कुठलाच कोर्स केला नव्हता.

तुम्हाला तो आठवतो, हे मला माहीत आहे. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला आलेल्या पहाडातल्या माणसांचा तो पोरगा. वाळत घातलेल्या मिरचीवरून वारा फिरला की अख्खा वर्ग शिंकायचा आणि तुम्ही फळ्याकडे तोंड करून, डोळे पुसत, आम्हाला पाढे म्हणायला लावायचात. तो पोरगा पाट्या फेकायचा, चावायचा, खिडकीतून पळून जायचा. बाकीचे मास्तर म्हणायचे, काढून टाका. मग तो होळीला पहाडातल्या काठी गावाला गेला. घरच्यांनी त्याच्या नावाने नवस केला होता, म्हणून त्याला नाचात उभं केलं होतं, आणि तो परत आला तो कमरेला घुंगरांचा पट्टा बांधूनच. होळी झाली की काढून ठेवायची वस्तू ती, पण त्याने कोणाला हात लावू दिला नाही. वर्गात छुमछुम. सगळे हसायचे. हेडमास्तर म्हणाले, आधी ते उतरवा. तुम्ही म्हणालात, "राहू द्या, मला सोयीचं आहे." आम्हाला कळेना, सोयीचं कसं? हळूहळू कळलं. तो चिडायच्या आधी त्याची मांडी हलू लागायची. तुम्ही फळ्यावर लिहीत असायचात, पाठ आमच्याकडे, आणि घुंगरं जरा जोरात वाजली की खडू ठेवून त्याच्याकडे जायचात, त्याचा हात धरायचात आणि त्याला बाहेर चिंचेखाली फिरवून आणायचात. मागून पोरं ओरडायची, "बैल सुटना रे, बैल सुटना!" तुम्ही दारातूनच म्हणायचात, "बैल नव्हे, पाहुणा आहे. त्याला घरात घुसमटतं." पथारीवर जाऊन तुम्ही त्याच्या आईकडून त्यांच्या बोलीतले पाच-सात शब्दही शिकून आला होतात. आमच्या अहिराणीला मात्र वर्गात बंदी होती, बरं का गुरुजी.

मी तुमचा गुणी विद्यार्थी. पुस्तकातल्या सगळ्या कविता मला पाठ. चालीवर म्हणायचो, डोळे मिटून, आणि वाटायचं की ओळींमधली नदी माझ्याच गळ्यातून वाहते आहे. तपासणीला साहेब येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला उभं केलंत. मी ती मोठी कविता घेतली, जिच्यासाठी मी घरी म्हशींसमोर उभं राहून सराव केला होता. दुसरं कडवं संपलं. डोळे उघडून मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात, पण कान तिकडे होता, ते मला दिसलं. कान कुठे आहे हे मुलाला लगेच दिसतं. घुंगरं वाजली. तुम्ही मला हाताने थांबवलंत आणि त्याला घेऊन गेलात. मी उभाच. खिडकीतून तुमची दोघांची पाठ दिसते आहे, तुमचा पांढरा सदरा, त्याचा उघडा खांदा, तुमचं एक बोट त्याच्या मुठीत. तुम्ही परत आलात आणि भूगोल काढायला सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाटी खाली टाकली. फुटली. सगळ्यांना दिसेल अशीच टाकली होती. तुम्ही जागेवरून उठलाही नाहीत. "तुला हे शोभत नाही. बस खाली." एवढंच. वर्षाच्या शेवटी मला कवितांचं पुस्तक दिलंत, त्यावर तुमच्या वळणदार अक्षरात "गुणी विद्यार्थ्यास". घरी सगळ्यांना केवढं कौतुक! मी ते पुस्तक उशाशी घेऊन निजायचो आणि विचार करायचो की त्याला काय दिलं असेल. त्याला काहीच दिलं नव्हतं. मला तेही सहन होत नव्हतं, कारण ज्याला काही द्यावं लागत नाही त्याचं नातं निराळंच असतं.

तुम्ही वारलात तेव्हा मी दारावर आलो होतो, काकूंना भेटायला. तो आधीच आला होता, धडगावहून जीपने. थोराड झाला होता, केस पिकलेले. काकूंनी त्याला आत स्वयंपाकघरात नेऊन चुलीजवळ बसवलं, माझ्या देखत. "हे फार आठवण काढायचे तुझी," त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुम्हीपण यांच्याच हाताखाली शिकलात का?" मी हो म्हटलं. चहा चांगला होता. मी ओसरीवर, चपलांशेजारी बसून प्यालो, आणि आतून त्याच्या रडण्याचा आवाज येत होता, मोठ्याने, लहान मुलासारखा. मला रडायला येईना. तिथेसुद्धा त्याचाच नंबर पहिला.

आता आजचं सांगतो. आज नात कविता म्हणायला उभी राहिली. ती माझ्यावर गेली आहे, तशीच डोळे मिटून म्हणते. आठवडाभर ओट्यावर माझ्यापुढे घोकत होती, "आबा, चाल बराबर शे ना?" मी खुर्ची पुढे ओढून बसलो. पहिलं कडवं सुरेख झालं. आणि माझ्या गुडघ्याला काहीतरी लागलं. नातू समोर उभा. कान घासत नव्हता, हात उगारलेला नव्हता. त्याने गळ्यातलं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं होतं. पहिल्यांदा. आपणहून. गुरुजी, शाळा राहते की जाते, ते त्या कार्डावर होतं. मी एका ओळीपुरता थांबलो असतो तर तो काय शिकला असता, हे ताईंनी माझ्याकडून चांगलं घोटवून घेतलं आहे. मी उठलो. बाईंनी पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या वर्गाने वाजवल्या, शिकवल्याप्रमाणे, जोरजोरात. नातीने डोळे उघडले. क्षणभर तिला वाटलं, टाळ्या तिच्यासाठी आहेत. हसली ती. मग तिने सगळे कुठे पाहत आहेत ते पाहिलं.

आम्ही बाहेर लिंबाखाली फिरत राहिलो. त्याची मूठ माझ्या बोटाभोवती, घट्ट, गरम. आतून तिचा आवाज आला. ती थांबली नव्हती. माझ्यासारखी ती थांबली नाही. दुसरं कडवं, तिसरं, शेवटपर्यंत, जरा चढ्या आवाजात. बाहेर शब्दन् शब्द ऐकू येतो, हे मला आज कळलं.

मधल्या सुट्टीत बाई मला म्हणाल्या, "आता दिवाळीची काळजी नको, आबा." मला केवढं हायसं वाटलं! तेवढ्यात नात आली. मी म्हटलं, "बाहेरून सगळी ऐकली हो मी. एक शब्द चुकला नाही तुझा."

"आयकं व्हई," ती म्हणाली, "पन मन्हाकडे दखं कोठे?"

संध्याकाळी मी ओट्यावर मांडी ठोकून बसलो, चष्मा पुसला, तिला हाक मारली. "चल, म्हण आता. मी फक्त तुझ्याकडे बघतो." ती वेणी सोडत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, उलट माझीच कीव आल्यासारखं. "आते नको, आबा," म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

हे तुम्हाला लिहायला घेतलं ते वेगळ्याच हेतूने. लिहिणार होतो की आज मला तुमचं पटलं, तुमच्या जागी मीही तेच केलं, माझी तक्रार मिटली. पटलं आहे, खोटं कशाला सांगू. पण तो अजूनही माझ्या डोळ्यांपुढे चिंचेखाली तुमचं बोट धरून चालतो, आणि मी अजून वर्गात उभाच आहे. पत्र कुठे टाकणार, कागद गादीखाली सारून देईन. एवढंच कबूल करतो: तुम्ही बाहेरून परत येऊन म्हणाला असतात, "हं, पुढचं कडवं म्हण," तर मीसुद्धा नको म्हणालो असतो. तरी तुम्ही विचारायला हवं होतंत.