आजोबांवर गेली

मरोदा, भिलाई

प्रिय उत्कर्षा,

पुण्याला परत जाताना तू पाया पडलीस, पण वर पाहिलं नाहीस. तेव्हापासून तुला लिहायचं म्हणतोय. फोनवर बोलायची हिंमत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको.

माझ्या निवृत्तीसाठी तू रजा काढून आलीस. आपल्या इथली रीत तुला लहानपणापासून माहीत आहे. स्टील प्लांटमधल्या शेवटच्या दिवशी सेक्शनमधले लोक शाल देतात, निवृत्त होणाऱ्याला ‘दो शब्द’ बोलायला लावतात आणि ढोल वाजवत जीपमधून घरी आणून सोडतात. ते दोन शब्द मी महिनाभर न्हाणीघरात घोकत होतो. पण दुपारी खुर्च्या मांडल्याचा आवाज आला आणि माझ्या डोक्यात सगळा कार्यक्रम आधीच होऊन गेला. कागद थरथरतोय, जीभ टाळूला चिकटलीय, मागच्या रांगेत पोरं हसतायत. हात धुऊन येतो म्हणालो, स्कूटर काढली आणि दुसऱ्या गेटने बाहेर पडून तलावाकाठी जाऊन बसलो.

इकडे तू आणि आई आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या, शेजारीपाजारी जमलेले, आणि माझ्याशिवायच जीप आली. माझ्या हाताखालच्या धर्मेंद्रने माझ्यासाठी आणलेला झेंडूचा हार तुझ्या हातात दिला. बाबांना चक्कर आली म्हणून ते दवाखान्यात गेले, असं तू सगळ्यांना सांगितलंस. माझ्या पोरीला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, याची मला फार लाज वाटते.

आई रात्री एवढंच म्हणाली, “कावून पयाले जी तुम्ही?” तलावाकाठी बसल्यावर मला हलकं वाटलं होतं, हे तिला कसं सांगू? तीच तर गोम आहे, बाळा. पळालं की बरं वाटतं, आणि मन म्हणतं, बघ, पळालास म्हणून वाचलास. मग पुढच्या वेळी पाय आपोआप वळतात. तुझ्या लग्नात मी पंगतीत वाढतच राहिलो. मुलीचा बाप किती राबतो, म्हणून लोकांनी कौतुक केलं. मला फक्त स्टेजवर उभं राहायचं नव्हतं.

मागच्या आठवड्यात धर्मेंद्र घरी आला. त्या दिवशी कोणी हसलं का, हा प्रश्न माझ्या ओठांवर होता. त्याआधी तोच खाली मान घालून म्हणाला, “सर, हमसे कोई गलती हो गई क्या?” इतकी वर्षं ही माणसं मला जोखतायत असं मी धरून चाललो होतो, आणि ती बिचारी मी रुसलो असं समजून स्वतःलाच अपराधी मानत होती. मला त्याच्याकडे बघवेना.

हे सगळं आज लिहितोय त्याला कारण आहे. काल तू आईशी बोलत होतीस तेव्हा फोन स्पीकरवर होता. समृद्धी शाळेच्या संमेलनात कविता म्हणायला तयार नाही, पोट दुखतं म्हणते, हे ऐकलं. मग तू थकून म्हणालीस, ‘आजोबांवर गेलीय.’ तू चुकीचं बोलली नाहीस. पण मी तिच्याएवढा असताना माझी आई आल्यागेल्याला सांगायची, “आमच्या नरूले चार लोकांत बोलताच येत नाही.” मायेनेच सांगायची. मी ते खरं मानलं आणि जन्मभर खरं करून दाखवलं. समृद्धीला ते वाक्य देऊ नकोस. भीती वाटते ना, वाटू दे, एवढंच म्हण. शनिवारी मी सेक्शनच्या सगळ्यांना सिविक सेंटरमध्ये चहा-समोशाला बोलावलं आहे. उभं राहून दोन शब्द बोलणार आहे. धर्मेंद्र व्हिडिओ काढून तुला पाठवील. त्यात माझे हात थरथरताना दिसतील. तेवढा भाग कापू नकोस, समृद्धीला तोच दाखव.

तुझाच,
बाबा