जोडीची कुंडी

३ जून
पोचलो एकदाच्या. नोकरी ग्रीनहाऊसमधली आणि राहायची खोली त्याच्याच भिंतीला लागून, म्हणजे जाण्यायेण्याची कटकट नाही. धाकटीलाही सोबत आणलंय. आई गेल्यापासून तिला माझ्याशिवाय कोण आहे? कारकुनाने रजिस्टर उघडून विचारलं, एकटी की जोडी? मी ऐटीत सांगितलं, जोडी. खोली एवढीशी बघून धाकटी म्हणाली, एका म्यानात दोन तलवारी कशा राहायच्या? रात्री पलंगाच्या कडेवरून भांडलोच.

६ जून
दोनशे कुंड्या आहेत. निम्म्यांत एकेकच रोप, निम्म्यांत दोन. माती सारखी, पाणी मापाने. सहा आठवड्यांनी रोपं मुळासकट काढायची, धुवायची, कागदी पिशवीत घालून ओव्हनमध्ये वाळवायची आणि वजन करायचं. दोघांत कोण किती वाढलं ते कळतं. माळीकाका सांगत होते की रोपांचं आपसात वैर काही नसतं, ज्याची मुळं आधी पोचतात ते पिऊन घेतं. मला काम आवडलंय.

१५ जून
धाकटीचे कपडे ढगळ झालेत, माझे मात्र दाटतात. जेवतो एकाच डब्यातलं. ती चिडवते, ताईला इथली हवा मानवली.

२४ जून
डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. माझ्या वाटचं तिला भरवते, तरी ती वाळून काडी झालीय. मी दोन दिवस उपाशी राहिले. आज माझ्या कुडत्याची शिवण उसवली. लाज वाटते.

३० जून
कुंड्यांच्या नोंदी तपासत होते. दोनशेनंतर आणखी एक ओळ आहे. दोनशे एक: आमच्या खोलीचा नंबर, ३ जून, जोडी. काढणी १५ जुलै. अक्षर कारकुनाचं.
मला वाटलं होतं तो खोलीसाठी विचारतोय.
खोडून एकटी लिहा, म्हणून काकांच्या हातापाया पडले. ते रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "पोरी, एकदा लावलेलं मध्येच बदलत नाहीत. सगळा प्रयोग वाया जातो."

४ जुलै
तिला घेऊन निघाले. फाटकापाशी तिने मान टाकली. परत खोलीत आणून पाणी पाजलं तेव्हा डोळे उघडले. पाण्याचं भांडं दारात आधीच ठेवलेलं होतं. मापाचं.

९ जुलै
तिला एका हाताने उचलता येतं. मी काही खात नाही, पीत नाही, तरी वाढतेच आहे — तिचंच खातेय मी. माझी धाकटी. मला थांबता येत नाही.

१२ जुलै
ठरलं. मी एकटीने जायचं. मी नसले तर खोलीतलं सगळं तिला — निदान ती तरी —

१३ जुलै
जाता येत नाही. झोपेत तिने माझा हात धरला होता, तो आता सुटत नाही. बोटं कुठे संपतात, तिची कुठली, माझी कुठली —
डाव्या हाताने लिहितेय.

१४ जुलै
सकाळपासून ती माझ्याकडे बघतेय. ओठ कोरडे. इथे बसून राहिले तर संध्याकाळपर्यंत तिच्यात काही उरणार नाही.
"ताई," म्हणाली, "ओढू नकोस गं. मी तुटेन."
न ओढता कशी जाऊ? हळूच. अगदी जरासं ओढून बघ—